फ्रेमची वेळ कोण लावतं? वेबकॅम रेकॉर्डिंगमधला आवाज-चित्राचा घोळ कसा शोधायचा

लिनक्सवर वेबकॅमने तासाभराचं व्याख्यान रेकॉर्ड करावं, पहिली पाच मिनिटं बघून समाधान मानावं, आणि शेवटाकडे जावं तर वक्त्याचे ओठ मिटल्यावर शब्द ऐकू येतोय. मग केबल बदलली जाते, हब काढला जातो, दुसरं सॉफ्टवेअर टाकलं जातं. चार दिवस बरं चालतं आणि पुन्हा तेच. ही तक्रार मिटत नाही, कारण तिच्या पोटात चार-पाच वेगवेगळे दोष असतात आणि एका दोषाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो: यातल्या बहुतेक तक्रारींत कॅमेरा निर्दोष असतो. ड्रायव्हर प्रत्येक फ्रेमवर वेळ नोंदवून देतो. वरचा प्रोग्राम एकतर ती वेळ फेकून देतो, नाहीतर तिचा अर्थ चुकीचा लावतो.

आधी फरक मोजा

रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर एकेक टाळी वाजवा. एडिटरमध्ये तळहात भिडल्याची फ्रेम आणि आवाजाचा उंचवटा यांतलं अंतर तिन्ही ठिकाणी मोजा. एवढ्यावरच निम्मं निदान होतं.

तिन्ही ठिकाणी अंतर सारखंच असेल तर दोष सुरुवातीच्या जुळणीत आहे. एफएफएमपेगमध्ये (रेकॉर्डिंग आणि रूपांतराचं कमांडलाइन साधन) कॅमेरा आणि माइक ही दोन वेगळी इनपुट असतात, ती वेगवेगळ्या क्षणी उघडतात, आणि एफएफएमपेग प्रत्येकाची सुरुवात आपापल्या शून्यावर आणून ठेवतो. मधलं अंतर तिथेच हरवतं. ते मोजून ‘आयटीएसऑफसेट’ या पर्यायाने भरून काढता येतं. हा सर्वांत सोपा प्रकार.

अंतर तासाभरात काही सेकंदांनी वाढत असेल तर कोणीतरी फ्रेम मोजून वेळ काढतोय. ओपनसीव्ही या चित्र-विश्लेषणाच्या लायब्ररीतल्या व्हिडिओरायटरला तुम्ही ‘३०’ असा वेग सांगता आणि तो डोळे मिटून प्रत्येक फ्रेमला १/३० सेकंद देतो. कॅमेरा प्रत्यक्षात २९.९ फ्रेम देत असेल तर तासाला १,०७,६४० फ्रेम जमतात; ३० च्या वेगाने त्या ३,५८८ सेकंदांतच संपतात. म्हणजे चित्र आवाजाच्या १२ सेकंद आधीच आटोपलं. इथे कॅमेऱ्याला दोष देण्यात काही अर्थ नाही, कारण ‘३० एफपीएस’ (सेकंदाला ३० फ्रेम) हे कॅमेऱ्याचं वचन नसून अंदाज असतो.

तासाला दहा-वीस सेकंद नाही, पण एक-दोन दशांश सेकंदांचा फरक पडत असेल तर दोन क्रिस्टलांचं, म्हणजे घड्याळांना ताल देणाऱ्या स्फटिकांचं, भांडण आहे. कॅमेऱ्याचं घड्याळ वेगळं, साउंड कार्डाचं वेगळं. दोघांत दशलक्षात ५० भागांचा फरक असला तरी तासाला १८० मिलिसेकंद होतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या (आयटीयू) बीटी.१३५९ या शिफारशीनुसार आवाज साधारण ४५ मिलिसेकंद पुढे गेला किंवा १२५ मिलिसेकंद मागे राहिला की प्रेक्षकाला जाणवू लागतो. मागे राहिलेला आवाज आपण जास्त खपवून घेतो, कारण लांबच्या माणसाचा आवाज उशिरा पोचणं हे रोजचंच आहे. पण १८० मिलिसेकंद दोन्ही मर्यादांपलीकडे जातात.

आणि अंतर कधी कमी, कधी जास्त, मध्येच उडी मारणारं असेल तर गळालेल्या फ्रेम किंवा बदललेलं एक्स्पोजर. त्याकडे पुढे येतो.

वेळ लावणारा कोण?

आता प्रोग्राम उघडून पाहा. पायथनमध्ये हमखास दिसणारी रीत अशी: कॅमेऱ्याकडून फ्रेम वाचायची आणि पुढच्याच ओळीत संगणकाची वेळ विचारून तीच फ्रेमची वेळ म्हणून लिहायची. ही वेळ फ्रेम टिपल्याची नाही, तुमच्या प्रोग्रामला सवड मिळाल्याची आहे.

या दोन वेळांत किती फरक पडतो ते बघा. व्हीफोरएलटू ही लिनक्सची कॅमेऱ्याशी बोलण्याची व्यवस्था; ओपनसीव्हीचा तो भाग सहसा चार बफर, म्हणजे फ्रेम ठेवायच्या मेमरीतल्या जागा, मागून घेतो. तुमचं चेहरा ओळखण्याचं गणित एका फ्रेमला ८० मिलिसेकंद घेत असेल आणि कॅमेरा दर ३३ मिलिसेकंदांनी फ्रेम देत असेल, तर एक बफर तुमच्या हातात आणि उरलेले तीन भरून रांगेत, अशी स्थिती कायमची होते. रांगेत शेवटी उभ्या राहिलेल्या फ्रेमला पुढच्या तिघी उरकेपर्यंत थांबावं लागतं. तुमच्या हाती येईपर्यंत ती दोनशे मिलिसेकंदांहून जुनी झालेली असते, आणि तुम्ही तिला ‘आत्ताची’ म्हणून नोंदवता.

उपाय दोन. पहिला, ड्रायव्हरची वेळ वापरा: ओपनसीव्हीच्या नव्या आवृत्त्यांत व्हीफोरएलटू वापरताना ‘कॅप प्रॉप पॉस एमसेक’ हा गुण विचारला की बफरवरचा मूळ टाइमस्टॅम्प (ड्रायव्हरने नोंदवलेली वेळ) मिलिसेकंदांत मिळतो. दुसरा, वाचन वेगळ्या थ्रेडमध्ये (प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या धाग्यात) टाका आणि गणिताला फक्त ताजी फ्रेम द्या. बफरची संख्या एकवर आणण्याचा सल्ला सगळीकडे दिला जातो. मला तो पटत नाही: एकच बफर असला की तो तुमच्या हातात असताना ड्रायव्हरला फ्रेम ठेवायला जागाच नसते, आणि फ्रेम गळू लागतात.

१ जानेवारी १९७० आणि पहाटेचे साडेपाच

ड्रायव्हरची वेळ वापरायला लागलात की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘टाइमस्टॅम्प १९७० सालचा का येतोय?’ भारतातल्या मशिनवर तो १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाचनंतरचा कुठला तरी क्षण दिसतो. मशिन सुरू होऊन तीन तास झाले असतील तर सकाळचे साडेआठ.

कॅमेरा बिघडलेला नाही. जुन्या काळी व्हीफोरएलटूचे ड्रायव्हर भिंतीवरच्या घड्याळाची, म्हणजे ‘क्लॉक रिअलटाइम’ची वेळ देत. त्यात अडचण अशी की एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणाऱ्या व्यवस्थेने) किंवा कोणी हाताने घड्याळ दुरुस्त केलं की चालू रेकॉर्डिंगमध्येच वेळ मागे-पुढे उडायची. म्हणून ड्रायव्हर ‘क्लॉक मोनोटॉनिक’कडे वळले. हे घड्याळ लिनक्सवर मशिन सुरू झाल्यापासून मोजतं आणि कधी मागे जात नाही. पण त्याचा आकडा तारीख म्हणून वाचला की संगणक तो १ जानेवारी १९७० पासूनचा धरतो, म्हणून ते विचित्र साल. २०१३ मध्ये आलेल्या ३.९ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) बफरच्या फ्लॅगमध्येच, म्हणजे सोबतच्या खुणांमध्येच, ‘वेळ कोणत्या जातीची’ हे लिहिण्याची सोय झाली: मोनोटॉनिक, अज्ञात, किंवा दुसऱ्या बफरवरून नकललेली. ‘अज्ञात’ दिसलं तर त्या वेळेवर गणित करू नका. ‘नकललेली’ हा प्रकार एन्कोडर-डिकोडरसारख्या, फ्रेम आत घेऊन बाहेर देणाऱ्या उपकरणांत दिसतो. तिथे मूळ फ्रेमची वेळ पुढे ढकललेली असते.

मोनोटॉनिक वेळेवरून खरी तारीख-वेळ हवी असेल तर दोन्ही घड्याळं लागोपाठ वाचा: मोनोटॉनिक, रिअलटाइम, पुन्हा मोनोटॉनिक. दोन मोनोटॉनिक वाचनांची सरासरी रिअलटाइममधून वजा केली की अंतर मिळालं. ते प्रत्येक टाइमस्टॅम्पमध्ये मिळवायचं. प्रोग्राम सुरू होताना एकदाच अंतर काढून ठेवू नका. लॅपटॉपचं झाकण मिटलं की निद्रावस्थेतला काळ मोनोटॉनिक घड्याळ मोजत नाही, आणि झाकण उघडल्यावर तुमचं जुनं अंतर तेवढ्याने चुकीचं ठरतं. निद्रेचा काळही मोजणारं घड्याळ हवं असेल तर ‘क्लॉक बूटटाइम’ आहे. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर लिबकॅमेरा या कॅमेरा-लायब्ररीच्या ‘सेन्सरटाइमस्टॅम्प’चं घड्याळ दस्तऐवजात बूटटाइमच सांगितलं आहे. त्यामुळे त्याची आणि यूएसबी वेबकॅमची वेळ थेट वजा करण्यापूर्वी दोन घड्याळं एक आहेत का ते पाहा.

एफएफएमपेगवाल्यांसाठी: त्याच्या व्हीफोरएलटू इनपुटला ‘टीएस’ नावाचा पर्याय आहे. ‘डीफॉल्ट’ दिलं तर कर्नलची वेळ जशीच्या तशी, ‘एबीएस’ दिलं तर भिंतीवरच्या घड्याळाची, आणि ‘मोनोटूएबीएस’ दिलं तर मोनोटॉनिकची रूपांतरित वेळ. दोन मशिनवरची रेकॉर्डिंग जुळवायची असतील तर शेवटचा पर्याय कामाचा.

फ्रेमचा कोणता क्षण?

घड्याळ कळलं, पण वाचन कधी घेतलं? फलाटावर ‘गाडी आली’ म्हणतात ते इंजिन शिरल्यावर की शेवटचा डबा थांबल्यावर? व्हीफोरएलटूच्या फ्लॅगमध्ये याचंही उत्तर लिहिलेलं असतं: ‘ईओएफ’ म्हणजे फ्रेम संपल्याची वेळ, ‘एसओई’ म्हणजे एक्स्पोजर सुरू झाल्याची.

सेन्सर थेट बोर्डाला सीएसआय पट्टीने जोडलेला असतो तिथे चित्र काहीसं स्वच्छ आहे. फ्रेमचा शेवटचा बाइट मेमरीत पोचला की हार्डवेअर इंटरप्ट (ड्रायव्हरला उठवणारा इशारा) देतं, ड्रायव्हर त्या इंटरप्टमध्ये घड्याळ वाचतो आणि बफरवर लिहितो. हा ईओएफ. यावरून मागे जायला दोन आकडे लागतात: सेन्सरला पूर्ण फ्रेम वाचायला लागणारा वेळ आणि एक्स्पोजर. समजा वाचनाला ३० मिलिसेकंद आणि एक्स्पोजर २० मिलिसेकंद. रोलिंग शटरमुळे प्रत्येक ओळ थोड्या नंतर उघडते. म्हणून वरच्या ओळीच्या एक्स्पोजरचा मध्य टाइमस्टॅम्पच्या ४० मिलिसेकंद आधी येतो, खालच्या ओळीचा फक्त १० मिलिसेकंद आधी. एकाच फ्रेमच्या डोक्यात आणि पायात ३० मिलिसेकंदांचा फरक! क्रिकेटचा चेंडू किंवा फिरता पंखा मोजणाऱ्यांनी ‘फ्रेमची वेळ’ म्हणताना कोणत्या ओळीची, हे ठरवलंच पाहिजे.

यूएसबी वेबकॅमची गोष्ट अधिक गमतीची. यूव्हीसी (यूएसबी वेबकॅमचं सामाईक मानक) ड्रायव्हर आपल्या बफरवर एसओईचा फ्लॅग लावतो. पण नेहमीच्या मांडणीत तो घड्याळ वाचतो ते त्या फ्रेमचं पहिलं पॅकेट उलगडताना. तोवर सेन्सरचं एक्स्पोजर होऊन गेलेलं असतं, आणि एमजेपीईजी (दाबलेल्या चित्रांचा फॉरमॅट) असेल तर कॅमेऱ्याने आत चित्र दाबायलाही वेळ घेतलेला असतो. फ्लॅगवर ‘एक्स्पोजरची सुरुवात’ लिहिलंय म्हणून तसं मानायचं नाही. निदान वेबकॅमच्या बाबतीत तरी तो फ्लॅग इच्छा सांगतो, वस्तुस्थिती नाही.

शिवाय ही वेळ थरथरते. हाय-स्पीड यूएसबीवर दर १२५ मायक्रोसेकंदांनी एक पॅकेट येऊ शकतं, पण ड्रायव्हरला प्रत्येक पॅकेटमागे उठवत नाहीत. जास्तीत जास्त ३२ पॅकेट एका यूआरबीत, म्हणजे यूएसबीच्या एका गठ्ठ्यात, गोळा होतात आणि गठ्ठा पूर्ण झाल्यावर ड्रायव्हर ते उलगडतो. ३२ गुणिले १२५ म्हणजे ४ मिलिसेकंद. फ्रेमचं पहिलं पॅकेट गठ्ठ्यात पहिलं होतं की शेवटचं, यावर टाइमस्टॅम्प तेवढा हलतो. त्यामुळे ३३.३ च्या जागी ३२ आणि ३६ अशी आलटून-पालटून अंतरं दिसली तर घाबरू नका, ती गठ्ठ्याची करामत आहे. संगणकावर ताण असेल तर थरथर आणखी वाढते.

यूव्हीसीमधलं खरं घड्याळ

या थरथरीवर उपाय यूव्हीसीच्या मानकातच आहे, फक्त तो सहसा बंद असतो. कॅमेरा प्रत्येक पॅकेटच्या मथळ्यात दोन गोष्टी पाठवू शकतो. एक पीटीएस: फ्रेम टिपायला सुरुवात झाली तेव्हा कॅमेऱ्याच्या स्वतःच्या घड्याळात किती वाजले होते. दुसरी एससीआर: कॅमेऱ्याचं घड्याळ आणि त्याच क्षणीचा यूएसबीचा एसओएफ क्रमांक (यूएसबीच्या वेळेच्या तुकड्यांचा, चित्राच्या फ्रेमचा नव्हे), अशी जोडी. एसओएफ क्रमांक यजमान संगणकच दर मिलिसेकंदाला वाढवतो, त्यामुळे तो दोघांनाही माहीत असतो. ड्रायव्हर अशा जोड्या साठवतो, त्यांतून सरळ रेषा बसवतो, आणि पीटीएसचं रूपांतर आधी एसओएफमध्ये व मग संगणकाच्या वेळेत करतो. गठ्ठ्याची थरथर यातून बहुतांशी निघून जाते.

हे चालू करायला यूव्हीसीव्हिडिओ मॉड्यूलचा ‘एचडब्ल्यूटाइमस्टॅम्प्स’ हा पॅरामीटर १ करायचा आणि कॅमेरा पुन्हा जोडायचा.

आता सावधगिरी. एसओएफचा आकडा फक्त ११ बिटांचा आहे, म्हणजे २.०४८ सेकंदांनी तो पुन्हा शून्यावर येतो, आणि ड्रायव्हरला प्रत्येक वळसा अचूक ओळखावा लागतो. काही कॅमेरे या जोडीत चुकीचा एसओएफ पाठवतात, काही एससीआर पाठवतच नाहीत. एका लोकप्रिय मॉडेलच्या अशाच खोडीसाठी कर्नलच्या ड्रायव्हरमध्ये खास अपवाद लिहावा लागला. तेव्हा हा पॅरामीटर चालू केल्यावर वेळ मागे जाताना किंवा उड्या मारताना दिसली, तर तो बंद करा आणि साध्या वेळेवर काम भागवा. थरथर असलेली पण मागे न जाणारी वेळ परवडली. स्वस्त वेबकॅम विकत घेताना खोक्यावर मेगापिक्सेल लिहिलेले असतात, घड्याळाबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

कॅमेऱ्याने काय पाठवलं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर ४.१६ कर्नलपासून प्रत्येक यूव्हीसी कॅमेऱ्याला मेटाडेटाचा (फ्रेमबद्दलच्या माहितीचा) स्वतंत्र नोड मिळतो. एकच वेबकॅम लावला तरी ‘व्हिडिओ०’ आणि ‘व्हिडिओ१’ असे दोन का दिसतात, या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर हेच. दुसऱ्यातून चित्र येत नाही; पॅकेटचे मथळे, संगणकाची नॅनोसेकंदांतली वेळ आणि एसओएफ क्रमांक येतात.

उजेड गेला की वेग गेला

आता त्या उड्या मारणाऱ्या फरकाकडे. दुपारी ३० फ्रेम देणारा कॅमेरा संध्याकाळी १५ वर येतो आणि कोणी सांगत नाही. कारण ‘एक्स्पोजर डायनॅमिक फ्रेमरेट’ हे कंट्रोल. ते १ असेल तर अंधुक उजेडात कॅमेऱ्याला शटर जास्त वेळ उघडं ठेवायची मुभा असते, आणि एक्स्पोजर ३३ मिलिसेकंदांहून लांबलं की वेग आपोआप पडतो. जुन्या कर्नलवर याचं नाव ‘एक्स्पोजर ऑटो प्रायॉरिटी’ होतं. फ्रेम मोजून वेळ काढणारा प्रोग्राम अशा संध्याकाळी दुप्पट वेगाने धावणारी माणसं दाखवतो. हे कंट्रोल ० करा, किंवा एक्स्पोजर हाताने बांधून टाका. यूव्हीसीत एक्स्पोजरचा आकडा १०० मायक्रोसेकंदांच्या पटीत असतो, म्हणजे २०० दिलं की २० मिलिसेकंद.

हा २०० चा आकडा सहज घेतलेला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइटचा आणि साध्या एलईडीचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. एक्स्पोजर १० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवलं तर पट्टे सरकताना दिसत नाहीत. अनेक वेबकॅम ६० हर्ट्झ गृहीत धरून येतात. ‘पॉवर लाइन फ्रीक्वेन्सी’ १ केली की ५० होते.

वेग पडण्याचं दुसरं कारण उजेडाशी संबंधित नाही. ७२० ओळींचं न दाबलेलं वाययूवाय चित्र ३० च्या वेगाने पाठवायला सेकंदाला सुमारे ५५ मेगाबाइट लागतात. यूएसबी २ वर एका आयसोक्रोनस (जागा राखून ठेवलेल्या) वाटेतून २४ मेगाबाइटच्या आसपासच जातं. म्हणून त्या फॉरमॅटमध्ये कॅमेरा १० च्या आसपास वेग देतो. एमजेपीईजी निवडा, प्रश्न मिटतो.

प्रत्यक्ष तपासणी

व्हीफोरएल-युटिल्समधला ‘व्हीफोरएलटू-सीटीएल’ घ्या. त्याला ‘स्ट्रीम-एममॅप’, ‘स्ट्रीम-काउंट’ ३०० आणि ‘व्हर्बोज’ हे पर्याय द्या. प्रत्येक फ्रेममागे एक ओळ येईल: सीक्वेन्स क्रमांक, टाइमस्टॅम्प, मागच्या फ्रेमपासूनचा डेल्टा आणि शेवटी घड्याळाची जात व क्षण. यात तुमचा प्रोग्राम कुठेच नाही, म्हणून इथे जे दिसतं ते ड्रायव्हरचं आणि कॅमेऱ्याचं.

सीक्वेन्स आणि डेल्टा जोडीने वाचा. डेल्टा ६६ आणि सीक्वेन्सने एक आकडा गाळला, तर फ्रेम हरवली. यूव्हीसी ड्रायव्हर रिकामा बफर मिळाला नाही तरी सीक्वेन्स वाढवतो, मुद्दाम, म्हणजे खंड दिसला की हरवलेली फ्रेम समजावी. डेल्टा ६६ पण सीक्वेन्स अखंड, तर कॅमेऱ्यानेच वेग कमी केलाय, एक्स्पोजर बघा. डेल्टा ३३ च्या आसपास थरथरतोय पण सरासरी स्थिर, तर काही बिघडलेलं नाही. आणि इथे सगळं सुरळीत असून फाइलमध्ये घोळ असेल, तर दोष निःसंशय वरच्या प्रोग्राममध्ये आहे.

फाइल लिहिताना प्रत्येक फ्रेमची खरी वेळ लिहू देणारा डबा, म्हणजे फाइलचा प्रकार, वापरा. एमकेव्ही हे आनंदाने करतो. क्रिस्टलांच्या भांडणावर एफएफएमपेगचा ‘एरीसॅम्पल’ फिल्टर ‘असिंक’ला १ हून मोठा आकडा, उदाहरणार्थ १०००, देऊन वापरता येतो (१ दिलं तर तो फक्त भरतो आणि छाटतो): तो आवाजाच्या टाइमस्टॅम्पप्रमाणे नमुने किंचित ताणतो किंवा आवळतो. चित्राला हात लावण्यापेक्षा हे बरं, कारण गाळलेली फ्रेम डोळ्यांना खुपते.

प्रकाश सेन्सरवर पडल्यापासून टाइमस्टॅम्प लागेपर्यंतचा स्थिर उशीर मात्र कुठल्याच फ्लॅगमध्ये लिहिलेला नसतो. तो मोजावाच लागतो. बोर्डाच्या जीपीआयओवर (प्रोग्रामने चालू-बंद करता येणाऱ्या पिनवर) एलईडी लावा, पेटवण्याच्या क्षणी मोनोटॉनिक वेळ नोंदवा, आणि तो पेटलेला दिसणाऱ्या पहिल्या फ्रेमचा टाइमस्टॅम्प बघा. पुष्कळदा करा, कारण एका वाचनात फ्रेमभराची अनिश्चितता असते. मॉनिटरवर घड्याळ दाखवून ते टिपण्याची रीत सोपी आहे, पण ६० हर्ट्झचा पडदा १६.७ मिलिसेकंदांनी एकदाच बदलतो, तो गोंधळ वर येतो.

दोन वेबकॅम एकमेकांशी जुळवणाऱ्यांना यातलं सगळं लागू आहे, आणि वर एक मर्यादा. दोघेही आपापल्या तालात चालतात, त्यामुळे जवळात जवळची जोडी निवडली तरी ३० च्या वेगाला १६.७ मिलिसेकंदांपर्यंत फरक राहणारच, आणि क्रिस्टलांमुळे तो हळूहळू बदलत जाणार. टाइमस्टॅम्प तो फरक सांगू शकतो, मिटवू शकत नाही. मिटवायचा असेल तर बाहेरून ट्रिगर घेणारे, शक्यतो ग्लोबल शटरचे (सगळ्या ओळी एकदम टिपणारे) कॅमेरे घ्यावे लागतात.